'१२ एएच समतुल्य': बॅटरीच्या एका लेबलाची समीक्षा



पेट झाली, आता मुलाखत आणि मग सिनॉप्सिस, अशा टप्प्यावर असलेले बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे नक्की काय करायचं? वीस पेपर वाचायचे, प्रत्येकाचा चार ओळींत सारांश लिहायचा, झालं ना?" नाही, तेवढ्यानं होत नाही. तो सारांश झाला. समीक्षा म्हणजे समोरच्यानं केलेला दावा कशाच्या जोरावर उभा आहे, कुठपर्यंत खरा आहे आणि कुठून पुढं खरा राहत नाही, हे दाखवणं.

हे समजवायला आज मी पेपर घेत नाही, बॅटरीचं लेबल घेतोय. आणि बॅटरी कशाची, तर उभं राहून चालवायच्या जेट-स्कीची. भडगावात बसून जेट-स्की? हसा. आमच्या गिरणेत उन्हाळ्यात धरणाचं आवर्तन सुटलं तरच पाणी, एरवी वाळू. पण होस्टेलला माझा एक रूममेट होता, मालवणकडचा. तो आता किनाऱ्यावर पर्यटकांच्या वॉटर स्पोर्ट्समध्ये काम करतो. त्याच्या मालकानं एक जुनी, उभ्यानं चालवायची जेट-स्की घेतली. मागच्या महिन्यात त्याचा मेसेज आला: "मेल्या, तू बॅटरीत पीएचडी करतंस मां? मग सांग, खंयची घेव?" सोबत दोन फोटो. एक नेहमीची शिसं-आम्लाची सीलबंद बॅटरी, १२ व्होल्ट १२ एएच, वजन चार-साडेचार किलो. दुसरी लिथियमची, हातात मावेल एवढी, किलोभराची. तिच्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं: "१२ एएच समतुल्य".

त्याचं म्हणणं सरळ होतं. दोन्ही बारा, एक हलकी, मग हलकीच घ्यायची. किंमत जास्त आहे, पण मालक तयार आहे.

मी लगेच उत्तर दिलं नाही. का नाही, ते खाली लिहितो.

आधी यंत्र समजून घेऊ

आपल्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात ती जेट-स्की बसायची असते, स्कूटरसारखी. उभ्यानं चालवायची वेगळी. ती आकारानं छोटी, पुढं उचलता येणारा लांब दांडा, आणि मागच्या पाटावर माणूस उभा. 'जेट-स्की' हे मुळात कावासाकीचं व्यापारनाव, आणि १९७० च्या दशकात कंपनीनं या नावानं विकायला सुरुवात केली ती उभ्याचीच गाडी होती. पुढं १९९० मध्ये यामाहाची सुपरजेट आली. बसायच्या गाड्यांचा बाजार नंतर वाढला.

बॅटरीच्या दृष्टीनं या गाडीच्या तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

एक, इथं बॅटरीवर गाडी चालत नाही. गाडी पेट्रोलवर चालते. बॅटरीचं मुख्य काम सेल्फ मारणं.

दोन, चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला एक दोरी असते. तो पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. उभ्याच्या गाडीवर माणूस पडतोच. शिकणारा तर सारखा पडतो. म्हणजे प्रत्येक वेळी परत सेल्फ.

तीन, गाडीच्या पोटात पाणी शिरतं. ते उपसायला मूळ व्यवस्था असते, पण ती जेटच्या प्रवाहाच्या ओढीवर चालते, म्हणजे इंजिन चालू असेल तरच. म्हणून बरेच जण वेगळा विजेवरचा बिल्ज पंप बसवतात. माझ्या मित्राच्या गाडीतही तो आहे. इंजिन बंद पडलं आणि पाणी शिरत असलं, तर तो पंप पूर्णपणे बॅटरीच्या भरवशावर असतो.

हे तिन्ही लक्षात ठेवा. आता लेबलाकडं वळू.

पहिला प्रश्न: आकडा नक्की कशाचा आहे?

एएच म्हणजे अँपिअर-तास. १२ एएच म्हणजे साधारणपणे १ अँपिअर १२ तास, किंवा २ अँपिअर ६ तास. हे विजेच्या साठ्याचं माप आहे. टाकीत पाणी किती, असं समजा.

पण 'समतुल्य' हा शब्द जोडला की ते साठ्याचं माप राहत नाही. अशा लेबलाचा अर्थ इतकाच असतो की ही बॅटरी १२ एएचच्या शिसाच्या बॅटरीच्या जागी सेल्फ मारू शकेल. म्हणजे समतुल्य आहे ती जोर देण्याची ताकद. टाकी केवढी याच्याशी त्याचा संबंध नाही, नळातून एका क्षणी किती जोरात पाणी येतं याच्याशी आहे. माप दुसऱ्या राशीचं आणि एकक मात्र एएचचं. भौतिकशास्त्राच्या बारावीच्या पेपरात असं लिहिलं असतं तर गुण कापले असते.

मग खरा साठा कसा शोधायचा? लिथियम बॅटरीवर वॅट-तास लिहिलेले असतात, कारण वाहतुकीच्या नियमांना ते लागतात. मित्राला म्हटलं, खाली बारीक अक्षरात बघ. त्यानं फोटो मोठा करून पाठवला: ४८ वॅट-तास.

या बॅटरीत लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल एकापुढं एक असतात. प्रत्येकाचं सरासरी व्होल्टेज ३.२, म्हणून एकूण १२.८. आता ४८ भागिले १२.८. उत्तर ३.७५ एएच.

बारा नाही, पावणेचार. साठा एक तृतीयांशाच्याही खाली.

दुसरा प्रश्न: दाव्यात खरं किती आहे?

नवखा समीक्षक इथंच थांबतो आणि 'फसवणूक' असा शिक्का मारतो. ते घाईचं होईल. समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली पाहिजे, मगच टीका करायची.

बघा, सेल्फला किती वीज लागते? समजा १२० अँपिअर, ३ सेकंद. म्हणजे ३६० अँपिअर-सेकंद. एका तासात ३६०० सेकंद, म्हणून ०.१ एएच. फक्त एक दशांश. सेल्फला साठा फारसा लागत नाही, त्या तीन सेकंदांत जोर लागतो.

आणि जोराच्या बाबतीत शिसाची बॅटरी कमी पडते. प्रवाह वाढवला की तिचा मिळणारा साठा झपाट्यानं आटतो. विल्हेल्म पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७ मध्येच हे सूत्रात मांडलं. दहा किंवा वीस तासांत सावकाश रिकामी केली तर तिच्यातून १२ एएच मिळतात, १२० अँपिअरनं ओढली तर त्यापेक्षा बरेच कमी. शिवाय सेल्फसाठी बनवलेली शिसाची बॅटरी वारंवार खोलवर उतरवली की तिच्या प्लेटा खराब होतात. म्हणजे कागदावर १२ असले तरी रोज वापरायचे त्यातले थोडेच. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये मोठ्या प्रवाहाला व्होल्टेज कमी पडतं, आणि जवळजवळ सगळा साठा वापरता येतो.

तेव्हा 'समतुल्य' म्हणणाऱ्याकडं मुद्दा आहे. सेल्फपुरता तो खरा आहे. मात्र 'सेल्फपुरता' ही अट लेबलावर कुठंच छापलेली नाही, आणि माझी टीका त्या न छापलेल्या अटीवर आहे.

तिसरा प्रश्न: माझ्या वापरात ती अट पाळली जाते का?

इथं गणित करू. आकडे मी समजून घेतलेत. तुम्ही क्लॅम्प मीटर लावून आपल्या यंत्राचे मोजा.

समजा सराईत माणूस अर्ध्या तासात तीन वेळा पडला. तीन सेल्फ, ०.३ एएच खर्च. उरलेला वेळ इंजिन चालू, आणि चार्जिंगकडं २ अँपिअर शिल्लक राहतात असं धरलं, तर पंचवीस मिनिटांत ०.८ एएचहून जास्त परत भरता येतं. बॅटरी कायम भरलेली. या माणसाला पावणेचार एएच भरपूर झाले. वर गाडीचं वजन तीन-साडेतीन किलोनं कमी. कसरती किंवा शर्यत करणाऱ्याला, ज्याला गाडीचं नाक उचलायचं असतं, त्याला ते जाणवतं.

आता शिकाऊ घ्या. अर्ध्या तासात वीस वेळा पडला. २ एएच खर्च. इंजिन चालू राहिलं मोजून वीस मिनिटं, म्हणून परत आले ०.६७. निव्वळ तोटा १.३३ एएच. एकापाठोपाठ तीन शिकाऊ, दीड तास. एकूण तोटा ४ एएच. बॅटरीत होते ३.७५.

म्हणजे तिसरा शिकाऊ किनाऱ्यापासून लांब असताना सेल्फ वाजणार नाही. तेव्हा पंपासाठीही वीज उरलेली नसेल. भरलेल्या बॅटरीवरही २ अँपिअरचा पंप पावणेदोन तासांच्या पुढं फारसा चालत नाही. १२ एएचची शिसाची बॅटरी तोच पंप सहा तासांपेक्षा थोडा कमी वेळ चालवेल.

लेबल तेच, गाडी तीच. पहिल्यासाठी दावा खरा, दुसऱ्यासाठी चुकीचा. माझा मित्र दुसऱ्या गटात बसतो, त्याच्या मालकानं गाडी शिकवायलाच घेतलीय. तुमच्या संशोधनातही हेच होईल. पेपरातला निष्कर्ष खरा असेल, तरी तो तुमच्या प्रश्नाला लागू पडतो का, हे वेगळं तपासावं लागतं.

हेच भडगावच्या शेतात

ही चूक समुद्रावरच होते असं नाही. आमच्याकडं कपाशीच्या फवारणीला पाठीवरचा बॅटरी पंप असतो. दुकानात मागायचं तर 'बारा बाय आठ' किंवा 'बारा बाय बारा', म्हणजे १२ व्होल्ट ८ एएच किंवा १२ एएच. माझ्या काकांनी दोन वर्षांपूर्वी जुनी बारा बाय आठ काढून एक हलकी लिथियमची बसवली. लेबलावर बारा होते. पाठीवरचं ओझं कमी झालं म्हणून ते खूश. पण जुनीवर जेवढ्या टाक्या होत, तेवढ्याही होईनात. एक दिवस वावरातूनच फोन आला, "हाई बॅटरी काय कामनी शे रे?"

फवारणी पंपाला सेल्फ नसतो. तिथं दोन-तीन अँपिअर तासन् तास लागतात. जोर नको, टाकी मोठी हवी. 'समतुल्य'चा युक्तिवाद तिथं पूर्णच कोसळतो. त्या बॅटरीवर वॅट-तासही नव्हते आणि आत कुठलं लिथियम आहे तेही लिहिलेलं नव्हतं. 'लिथियम' हे एका कुटुंबाचं नाव आहे, एका पदार्थाचं नाही. निकेल-मँगनीज-कोबाल्टवाले सेल भरल्यावर ४.२ व्होल्टला जातात. तसे तीन जोडले तर १२.६, चार जोडले तर १६.८. गाडीचं चार्जिंग साधारण चौदा-साडेचौदा व्होल्टचं. ते दोन्हींशी जुळत नाही. आयर्न फॉस्फेटचे चार सेल मात्र साधारण १४.४ ला भरतात. शिसाच्या जागी तीच बॅटरी बसते याचं कारण इतकं साधं आहे.

चौथा प्रश्न: मोजलं कुठं, कसं?

लेबलावर आणखी एक आकडा असतो, कोल्ड क्रँकिंग अँपिअर. शिसाच्या बॅटरीसाठी याची ठरलेली व्याख्या आहे: उणे १८ अंश सेल्सिअसला, ३० सेकंद तो प्रवाह द्यायचा आणि १२ व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज ७.२ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. ही चाचणी थंड देशातल्या मोटारींसाठी. मालवणला उणे १८ कधी होणार? आणि जळगाव-भुसावळला तर उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास. आपल्याला प्रश्न थंडीचा नाही, उष्णतेचा आहे. उन्हात उभ्या गाडीच्या बंद पोटात, पूर्ण भरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडून राहिली की लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. त्याबद्दल लेबल गप्प असतं.

'२००० सायकल' या दाव्याचंही तसंच. किती खोल उतरवून मोजल्या? कुठल्या तापमानाला? साठा किती टक्क्यांवर आला की बॅटरी 'संपली' धरली? सहसा २५ अंशाच्या आसपास, आणि ८० टक्क्यांना शेवट. या तीन गोष्टी सांगितल्या नसतील तर २००० या आकड्याची दुसऱ्या कुठल्याही आकड्याशी तुलना करता येत नाही.

आणि 'पेट घेत नाही' असं कुठं वाचलंत तर थांबा. आयर्न फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, म्हणून तापल्यावर तो सहजी सुटत नाही. त्यामुळं हा पदार्थ कोबाल्टवाल्यांपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. पण आतलं इलेक्ट्रोलाइट कार्बनी द्रावकांचं, ते जळतं. 'जास्त सुरक्षित' आणि 'पूर्ण सुरक्षित' यांत फरक आहे, आणि पेट्रोलची वाफ असलेल्या बंद जागेत तो फरक महत्त्वाचा आहे.

पाचवा प्रश्न: बिघडताना कसं बिघडतं?

हा प्रश्न पेपरांत सगळ्यात कमी विचारला जातो.

शिसाची बॅटरी मरताना सांगून मरते. सेल्फ जड फिरायला लागतो, आवाज बदलतो. कोळ्याला काय, ट्रॅक्टरवाल्याला काय, तो आवाज ओळखता येतो. लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज मात्र शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं. सेल्फ जोरात, जोरात, जोरात, आणि मग एकदम काहीच नाही. बहुतेक वेळा आतलं संरक्षक सर्किट तोडतं, आणि काही स्वस्त बॅटऱ्यांत तर ते सर्किटच नसतं.

मल्टिमीटरही इथं चकवतो. विश्रांतीच्या अवस्थेत १२.८ व्होल्ट दिसले तर शिसाची बॅटरी भरलेली समजा. आयर्न फॉस्फेटची मात्र १२.८ ला बरीचशी रिकामी असते, भरलेली साधारण १३.३ च्या पुढं दाखवते. एकाच मीटरवरचा एकच आकडा, अर्थ उलटे. उपकरण वाचता येणं आणि मोजमापाचा अर्थ लावता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत ऐकलं असेल. समुद्रावर त्याची किंमत मोजावी लागते.

१९९७ चा एक नमुना

आता चांगला दावा कसा असतो ते बघू. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत चालतं, हे जगाला सांगणारा निबंध १९९७ मध्ये जर्नल ऑफ द इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीत आला. काम टेक्सास विद्यापीठ, ऑस्टिनचं. लेखक तीन: पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ. पहिली दोन नावं भारतीय आहेत, हे मुद्दाम सांगतो. तिसरे जॉन गुडइनफ, ज्यांना पुढं २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्यासोबत मिळालं.

त्या निबंधात लेखकांनी आपला पदार्थ स्वस्त, बिनविषारी आणि चांगला असल्याचं सांगितलं. पण त्याच दमात हेही लिहिलं की सगळं लिथियम बाहेर येत नाही, सुमारे ६० टक्केच येतं, तेही कमी प्रवाहावर, आणि प्रवाह वाढवला की साठा घटतो. म्हणून त्यांनी तो कमी शक्तीच्या बॅटऱ्यांसाठी सुचवला.

गंमत पाहा. कमी शक्तीसाठी सुचवलेला तोच पदार्थ आज १२० अँपिअरनं सेल्फ मारतो. म्हणजे मूळ लेखक चुकले का? अजिबात नाही. त्यांनी मर्यादा नेमकी कुठं आहे ते लिहून ठेवलं: लिथियम आत-बाहेर हलायला वेळ लागतो. ते वाचून पुढच्यांना कुठं काम करायचं ते कळलं. कॅनडातल्या संशोधकांनी कणांवर कार्बनचा पातळ थर दिला, कारण हा पदार्थ वीजही नीट वाहत नाही. इतरांनी कण बारीक, अगदी नॅनो केले, म्हणजे लिथियमला अंतर कमी पडलं. काही वर्षांत कमी शक्तीचा पदार्थ जास्त शक्तीचा झाला.

त्यांनी मर्यादा लपवली असती तर हे इतक्या लवकर झालं नसतं. लेबलवाल्यानं अट लपवली आणि ग्राहक अडकला. या निबंधानं अट मांडली आणि पुढचं संशोधन उभं राहिलं. सिनॉप्सिस लिहिताना 'मर्यादा' हा परिच्छेद उगाच भरायचा म्हणून भरू नका.

माझी चूकही सांगतो

दुसऱ्यांच्या लेबलावर एवढं बोललो, आता स्वतःचं. माझं कामही याच कॅथोडच्या पदार्थावर आहे. सल्लागार समितीपुढच्या पहिल्याच सादरीकरणात मी एक तक्ता दाखवला. माझ्या नमुन्याचा साठा आणि प्रसिद्ध झालेल्या पाच पेपरांतले साठे. माझा आकडा सगळ्यांत मोठा. मी खूश होतो.

समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "हे सगळे एकाच रेटवर मोजलेत का?"

नव्हते. माझं मोजमाप दहा तासांत सावकाश रिकामं करून घेतलेलं, त्यांतले तीन पेपर एका तासात रिकामं करून. मी मुद्दाम केलं नव्हतं. मोठा आकडा दिसला आणि पुढं पाहिलंच नाही. तो तक्ता म्हणजे माझं स्वतःचं '१२ एएच समतुल्य' होतं. सहा महिन्यांनी सगळे नमुने एकाच रेटवर मोजून परत उभा राहिलो. माझा नमुना तिसऱ्या क्रमांकावर आला. पण तो तिसरा क्रमांक खरा होता, आणि त्यावर आज माझा प्रबंध उभा आहे.

मित्राला काय सांगितलं

त्याला म्हटलं, बॅटरी नंतर. आधी सांग, जुनी का मेली? तो म्हणाला, दरवर्षी मरते, समुद्राचं हवामान, खारं पाणी. मी म्हटलं, असेल, पण मोज. इंजिन चालू करून, वेग वाढवून, बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघ.

त्यानं मोजलं. वेग वाढवला की मीटर १५ च्या वर जात होता. रेग्युलेटर गेलेला. शिसाची बॅटरी जास्त व्होल्टेज काही काळ सोसते, आतलं पाणी उडवत, आणि हंगामाच्या शेवटी मरते. लिथियमच्या सेलमध्ये ती सोय नाही. सर्किट चांगलं असेल तर ते चार्जिंग तोडेल, नसेल तर सेल खराब होतील किंवा त्याहून वाईट. म्हणजे महागडी हलकी बॅटरी बसवली असती तर आजार तसाच राहिला असता आणि खर्च वाढला असता.

माझा निर्णय असा होता. आधी रेग्युलेटर बदल. व्होल्टेज १४ ते १४.६ च्या मध्ये स्थिर झालं की मग निवड. शिकवायलाच वापरणार असाल तर सीलबंद शिसाचीच ठेव, कारण साठा मोठा आणि ती मरण्याआधी सांगते. लिथियमच हवी असेल तर लेबलावरचे मोठे आकडे सोड, वॅट-तास बघ. ७५ च्या खालची घेऊ नको, म्हणजे खरे जवळपास सहा एएच मिळतील. सर्किट आत असलं पाहिजे, पाणी न शिरणारं आवरण पाहिजे. शिसाच्या जुन्या चार्जरमध्ये प्लेटा साफ करायचा पल्स मोड असेल तर तो चार्जर तिला लावू नको. पावसाळ्यात धंदा बंद असताना लिथियम साधारण अर्धी भरून, तारा सुटी करून सावलीत ठेव. शिसाची मात्र पूर्ण भरून ठेव आणि मधूनमधून भरत राहा. दोघींचे नियम उलटे आहेत, गल्लत करू नको.

त्यानं रेग्युलेटर बदलला आणि शिसाचीच बॅटरी ठेवली. वाचलेल्या पैशात दोन चांगली लाइफ जॅकेटं घेतली. मला तो निर्णय पटला.

तुमच्यासाठी

पुढचा पेपर वाचताना वहीत हे पाच प्रश्न लिहा. आकडा कशाचा? दाव्यात खरं किती? माझ्या कामाला ती अट लागू आहे का? कुठल्या परिस्थितीत मोजलं? बिघडताना कसं बिघडतं? आणि तुलना करण्याआधी सहावा: मूळ अडचण तीच आहे का, की रेग्युलेटरच गेलाय?

सुरुवात पेपरपासूनच करायची असं नाही. घरातल्या इन्व्हर्टरवर, पॉवर बँकेवर, पंपावर लेबल असेलच. भागाकार करून बघा. पॉवर बँकेवरचा मिलिअँपिअर-तासांचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, बाहेर मिळणाऱ्या ५ व्होल्टचा नाही. त्यातून तुमच्या मोबाइलला खरे किती मिळतात, तेवढं काढून ठेवा. पुढच्या लेखात तिथूनच सुरू करू.